एका आयडीवरच्या बाया

शामकला मेश्राम निवांत बसली आहे, असं दृश्य करंजटोल्यात कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे येऊन सांगावं. चहा ती उभ्यानं पिते. जेवताना दोनदा उठते. बसची वाट बघायची वेळ आली तर थांब्यावर न थांबता तिरोड्याच्या दिशेनं चालायला लागते, मग वाटेत हात करून बस थांबवते आणि वर कंडक्टरलाच उशीर झाला म्हणून झापते. वय पंचेचाळिशीचं, अंग काटक, आवाज खणखणीत. गावातल्या बचत गटांची ती सीआरपी. म्हणजे गटांच्या बैठका घ्यायच्या, बायांना बँकेत न्यायचं, तालुक्याच्या ऑफिसात माहिती पाठवायची, आणि एखादीचा नवरा आडवा आलाच तर त्याला सरळ करायचं. हे शेवटचं काम कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नाही, पण तिला तेच सगळ्यात चांगलं जमतं.

अशा बाईचा मोबाइल यंदा मंडईनंतर अडून बसला. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडया भरतात. पाळणे, जिलेबी, रात्रभर दंडारीची नाटकं, आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. करंजटोल्याची मंडई झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून शामकलाच्या मोबाइलवर 'स्टोरेज भरले आहे' अशी लाल पट्टी यायला लागली. तिनं ती बोटानं बाजूला सारली. पट्टी पुन्हा आली. तिनं पुन्हा सारली. असा त्यांचा खेळ आठवडाभर चालला, मग तालुक्याच्या ऑफिसातून दीप्ती मॅडमचा फोन आला.

"ताई, तुम्हाला मेल पाठवली की परत येते. तुमची आयडी भरली आहे. साफ करा, नाहीतर प्रशिक्षणाचं पत्र तुम्हाला मिळणार कसं?"

शामकलाला राग आला. भरली म्हणजे काय? आपण असं काय कोंबून ठेवलं त्यात? तिनं लगेच मुलीला, आचलला फोन लावला. आचल गोंदियात नर्सिंग शिकते, होस्टेलवर राहते, आणि आईच्या मोबाइलचे सगळे आजार तिलाच निस्तरावे लागतात.

"मम्मी, तू आपली आयडी आनखी कोनाच्या फोनमंधी टाकली काय?" आचलनं सगळं ऐकून विचारलं.

"टाकली असन एखादीच्या."

एखादीच्या! आता खरं काय ते सांगायलाच हवं. काही वर्षांपूर्वी गटातल्या बायांनी एकदमच मोबाइल घेतले. तिरोड्याच्या वीरेंद्रच्या दुकानात सगळ्या ओळीनं बसल्या होत्या. वीरेंद्र एकेकीला विचारायचा, मेल आयडी काय? कोणाकडेच नव्हती. नवीन काढायची तर नाव, जन्मतारीख, पासवर्ड, मग तो पासवर्ड लक्षात ठेवायचा. पहिल्याच बाईचा पासवर्ड तिसऱ्यांदा चुकला तेव्हा शामकलाचा धीर सुटला. परतीची गाडी निघून जात होती. ती काउंटरवर हात आपटून म्हणाली, "माझीच टाक सगळ्याईच्या फोनमंधी. घरची गोष्ट हाये." वीरेंद्रनं टाकली. सगळ्या बाया वेळेत घरी पोचल्या, आणि शामकला आठवडाभर आपल्या हुशारीवर खूष होती.

त्यानंतर थोडे गोंधळ झाले होते, नाही असं नाही. सगळ्यांच्या मोबाइलात सगळ्यांचे नंबर दिसायला लागले. 'घरचे' नावाचे डझनभर नवरे एका ओळीत उभे राहिले. चेतना नावाच्या तरुण सुनेनं एकदा 'घरचे' दाबून "येताना सांबार घेऊन येजा" असं सांगितलं, आणि संध्याकाळी सुशिलाबाईचा नवरा नंदलाल सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन तिच्या दारात हजर. गाव महिनाभर हसलं. शामकलानं मात्र ठामपणे सांगून टाकलं होतं की हा नेटवर्कचा घोळ आहे. आणि तिनं एकदा ठामपणे सांगून टाकलं, की मग गटात त्यावर चर्चा होत नसे.

"मंग सगळ्याईचे फोटो तुयाच खात्यात जाऊन राहिले ना," आचल म्हणाली. "फोटोचं अॅप उघड अन् खालपर्यंत पाह्य. पन एकदम काही डिलीट नको करजो. तू इकडून काढलं का त्याईच्या फोनमधूनबी जाइन. पयले त्याईले इचार. अन् मम्मी, खातं एकच हाये म्हंजे..."

पुढे काय ते शामकलानं ऐकलंच नाही. अर्धं वाक्य कळलं की फोन ठेवायची तिला सवय आहे.

दुपारी अंगणात खाटेवर टेकून तिनं ते अॅप उघडलं. आजवर ती त्यात वरचे चार फोटो सोडून कधी उतरलीच नव्हती. आता बोट सरकवत गेली, तर सगळं गाव खालून वर यायला लागलं. पार्वताबाईच्या घराचं छत, पार्वताबाईचा अंगठा, पार्वताबाईची हनुवटी, पुन्हा छत. पासष्टीच्या या बाईला मोबाइल कुठे दाबला की फोटो निघतो हे कळलेलं नव्हतं, त्यामुळे तो सारखाच निघत होता. सुशिलाबाईनं नंदलालचे झोपेतले फोटो काढून ठेवले होते, तोंड उघडं टाकलेले, बाजेवर, बांधावर, बैलबंडीत. चेतना आरशासमोर एकाच साडीत वळून वळून उभी होती. कोणाची रांधलेली भाजी, कोणाची सुजलेली दाढ, कोणाच्या मुलाच्या पाठीवरचे पुरळ.

शामकला आधी पोटभर हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपण न विचारता लोकांच्या घरात शिरलो आहोत, आणि तिनं मोबाइल उपडा ठेवला. उठली, अंगण झाडलं, हंडा भरला. पुन्हा येऊन मोबाइल सुलटा केला. त्या दिवशी तिनं अंगण तीनदा झाडलं.

त्या गर्दीत तिचे स्वतःचेही फोटो होते, पण त्यांवरून ती बोट झरझर पुढे नेत होती. ते फोटो होते गोंदियातल्या एका खोलीचे. कॉलेजाच्या मागच्या गल्लीत, समोर छोटी पडवी, आत काळ्या फरशीचा ओटा, दोन खिडक्या. शामकलाला तिथे मुलांच्या डब्यांचं काम सुरू करायचं होतं. नवरा दुलीचंद तिरोड्याच्या वीज कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर आहे, तो गाडीनं ये-जा करायला तयार होता. तो कशालाही तयार असतो. आचलला भेटायला जाते असं गावात सांगून शामकला दर वेळी ती खोली पाहून यायची, आणि दर वेळी फोटो काढायची, कधी ओट्याचे, कधी खिडक्यांचे, एकदा तर नुसत्या नळाचे. घरमालकीण वैतागली होती. "बाई, कमरा लेना है कि नहीं? देखने रोज आती हो, बताती कुछ नहीं. इस महीने नहीं बोला तो हम दूसरे को दे देंगे."

गटातल्या बायांना यातलं तिनं अक्षर सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? यातल्या एकेकीला तिनंच ओढून घराबाहेर काढलं होतं. "मी हाये ना" हे तर तिचं पेटंट वाक्य. आता तीच म्हणणार, मी निघाले? एका बाईनं गट सोडला तेव्हा तिला शामकलानं भर बैठकीत 'पळपुटी' म्हटलं होतं, ती बाई अजून समोरून आली की रस्ता बदलते. हा शब्द आता आपल्यावर उलटणार याची शामकलाला धास्ती होती.

या अशा मनःस्थितीत तिसऱ्या दिवशी ती साफसफाईला बसली, आणि तिला ते फोटो सापडले.

सुशिलाबाईचं घर. खाली सतरंजी. गटातल्या सगळ्या बाया गोल बसलेल्या, आणि मधोमध, जिथे शामकला उभी राहते तिथे, चेतना उभी. हातात बैठकीची फाइल. पुढच्या फोटोत चेतना बोलत होती आणि पार्वताबाई तिला बोट दाखवून काही सुचवत होती. त्याच्या पुढचा फोटो तिरोड्यातल्या बँकेच्या पायरीवरचा, चेतना पुढे, बाकीच्या मागे. एक व्हिडिओही होता. त्यात चेतना अडखळत म्हणत होती, "नमस्कार, आजच्या बैठकीत आपन..." आणि मागून कोणीतरी ओरडलं, "जोरात बोल, शामकलासारखी."

या बैठका कधी झाल्या? तिनं तारखा पाहिल्या. प्रत्येक वेळी ती गोंदियाला गेलेली होती.

म्हणजे आपली पाठ वळली की या बसतात. आपल्या जागी ही कालची पोर उभी करतात. आपल्याला काढून टाकायचा घाट घालून राहिल्या या! आता गंमत बघा. बाई स्वतः गाव सोडायला निघालेली, खोलीचे नळ मोजून आलेली, पण आपल्यावाचून कोणी बैठक घेतली हे तिला सहन होईना. तिला ते कळतही होतं, आणि कळून राग उलट वाढतच होता.

सगळ्यात वाईट हे, की विचारायची सोय नव्हती. "तुमी मायावाचून कायले बसल्या?" असं विचारलं की पुढचा प्रश्न येणार, तुले कसं मालूम? मग सांगावं लागणार की वर्षानुवर्षं तुमच्या घरातलं सगळं माझ्याकडे येत आलंय आणि तीन दिवस मी ते डोळे भरून पाहिलंय. बायांनी तिच्यावर इतका भरवसा टाकला होता की नवऱ्याला न सांगितलेलं तिला सांगत. तो भरवसा गेला की शामकलाकडे उरणार काय होतं?

ती घरोघर फिरली. सुशिलाबाईकडे जाऊन म्हणाली, "सतरंजी नवी घेतली काय व?" सुशिलाबाई म्हणाली, "जुनीच हाये, धुतली." पार्वताबाईकडे जाऊन म्हणाली, "मावशी, बँकेत काही काम होतं काय तुमचं?" पार्वताबाई सूप पाखडत म्हणाली, "मले कायचं बँकेत काम?" किती सहज खोटं बोलली म्हातारी! शामकला घरी आली, चहा टाकला, तो उकळून गेला, पुन्हा टाकला. दुलीचंदनं विचारलं, "काय झालं व आचलच्या माय?" तर तिनं त्याला गॅसचा नंबर का लावला नाही म्हणून धारेवर धरलं.

मग तिनं ते केलं. चेतनाचे सगळे बैठकीचे फोटो, तो व्हिडिओ, बँकेची पायरी, एकेकावर बोट ठेवून खूण केली आणि डिलीट दाबलं. जागा तर मोकळी करायचीच होती ना! फोटो कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडले. थोडा वेळ तिला हलकं वाटलं. मग जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चेतना दारात उभी. डोळे सुजलेले, हातात मोबाइल.

"ताई, माये फोटो गेले. रातच्यापासून शोधून राहिली. काहीच दिसत नाही. तुमी पाहा ना."

शामकलानं मोबाइल हातात घेतला. "कायचे फोटो होते?"

चेतना गडबडली. "असेच. शेतातले."

"शेतातल्या फोटोसाठी रडते काय व?"

चेतना मान खाली घालून म्हणाली, "एक व्हिडिओ होता. तो पाहून मी बोलाले शिकत होतो. मायं तोंड उघडत नाही ना ताई चार लोकाईत. तुमाले तं मालूमच हाये."

हो, मालूम होतं. ही पोर लग्न होऊन आली तेव्हा स्वतःचं नावसुद्धा पदराआडून सांगायची. शामकलाला तिच्यावर ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की चेतनाकडे बघवेना. "बस इथं," म्हणून ती घरात गेली, स्वतःच्या मोबाइलात कचऱ्याचा डबा उघडला आणि सगळे फोटो परत आणले. बाहेर येऊन म्हणाली, "पाह्य आता." चेतनानं पाहिलं, आणि आनंदानं तिच्या गळ्यातच पडली. "ताई, तुमाले सगळं येते!" शामकलाला ते शब्द दिवसभर टोचत राहिले.

संध्याकाळी मालकिणीचा पुन्हा फोन आला. शामकलानं उचलला नाही.

रविवारी दुपारी बुद्धविहाराच्या ओसरीवर बैठक होती. बाया जमल्या. वंदना झाली. शामकला नेहमीसारखी मधोमध उभी राहिली, पण फाइल तिनं उघडलीच नाही. खांबाला एक हात धरून ती म्हणाली, "आज दुसरं काही नाही. मले एक सांगाचं हाये, अन् मधात कोनी बोलू नका, नाही तं मायानं होनार नाही."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. वीरेंद्रच्या दुकानात केलेली घाई, एकच आयडी, सगळ्यांचे फोटो आपल्याकडे येणं, तीन दिवस पाहत बसणं, चेतनाचे फोटो रागानं पुसणं आणि परत आणणं. "तुमच्या घरातलं मी न इचारता पाह्यलं. तुमी मायावाचून बसता हेबी पाह्यलं. मले काढाचं असन तं आज तोंडावर काढा."

सुशिलाबाईनं पहिला आवाज काढला. "म्हंजे आमच्या घरच्याईचे झोपीतले फोटो तूनं पाह्यले?"

"पाह्यले."

"सगळे?"

"सगळेच."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. चेतना पार्वताबाईकडे बघत होती. पार्वताबाईनं पानाची पिशवी बाजूला ठेवली.

"अव शामकला," ती म्हणाली, "तुयाकडे आमचे दिसते, तं आमच्याकडे तुये दिसत नसन काय?"

हे शामकलाच्या डोक्यातच आलं नव्हतं. या बायांना व्हॉट्सअॅपच्या पलीकडे काय येतं, अशी तिची पक्की समजूत होती.

"खोली पाह्यली आमी," पार्वताबाई म्हणाली. "काळा ओटा हाये, दोन खिडक्या हायेत. पयले वाटलं, पोरीसाठी पाहून राहिली असन. मंग तूनं नळाचा फोटो काढला. पोरीसाठी नळाचा फोटो कोन काढते? आमी समजलो, हे बाई तिथं रांधनार हाये."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" शामकलाचा आवाज फाटला. "चोरून बैठका घेतल्या, चेतनाले उभी केली..."

"तू जाशीन तवा आमी काय तोंड पाहात बसावं? पंधरा वर्साचा गट हाये. कोनाले तं शिकवा लागन ना. अन् तू काऊन नाही सांगतलं आमाले?"

पार्वताबाई थांबून राहिली, तिनं प्रश्न मागे घेतला नाही. शेवटी शामकला म्हणाली, "तुमी 'जा' म्हटलं असतं तं? तेच आयकाचं भेव होतं मले. का मी गेली तरी तुमचं काही अडत नाही."

"आमी 'जा' म्हटलं नसतं पोरी," पार्वताबाई म्हणाली. "आमी 'नको जाऊ' म्हटलं असतं. पाय धरले असते तुये. अन् तू थांबली असती. म्हून तं कोनी तोंड उघडलं नाही."

शामकलानं खांबावरचा हात काढून डोळ्यांना लावला. ती रडते आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्या दुसरीकडे बघत होत्या. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम कामाचा आवाज काढला. "चला, झालं ते झालं. उद्या सगळ्याजनी तिरोड्याले चला. वीरेंद्रच्या दुकानात प्रत्येकीची येगळी आयडी काढून देतो. जिचं तिच्याकडे. पासवर्ड चुकला तरी दिवसभर बसू."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग चेतना उठली, चार लोकांत तोंड न उघडणारी चेतना, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "येगळी कायले ताई? जागाच पायजे ना, तं आमी आमचे फोटो काढतो. तुमच्या खोलीचे राहू द्या. येगळी केल्यावर तुमी तिकडे काय रांधून राहिल्या, कशा राहून राहिल्या, ते आमाले कसं दिसन?"

यावर काहीतरी फटकन बोलावं म्हणून शामकलानं तोंड उघडलं, पण बायांनी तिच्यासाठी खोळंबून न राहता मोबाइल काढले, आणि काय ठेवायचं, काय पुसायचं हे एकमेकींना विचारत जागा करायला घेतली.